जन्मतारीख : एक जून

शपथ घेऊन मी एकदा खोटं बोललो आहे. कोर्टात, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. त्या दिवशी घरी आल्यावर तिनं विचारलं, "झाली का साक्ष?" मी म्हटलं, "झाली," आणि हातपाय धुवायला मोरीत गेलो. विषय तिथेच संपला. तिच्यापुरता.

या अंकाच्या संपादकांनी मला शाळेच्या ऑफिसातल्या गमतीजमती लिहायला सांगितलं होतं. गमती पुष्कळ आहेत, एखाददुसरी येईलही. पण लिहायला बसलो की पहिल्यांदा हेच वर येतं, म्हणून हेच लिहितो. शाळेचं नाव देत नाही. माणसांची नावं बदलली आहेत. माझं नाव मात्र खरं तेच छापायला सांगितलं आहे.

विक्रोळीतल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी क्लार्क होतो. पहिली ते दहावी, दोन पाळ्या, एक शिपाई आणि ऑफिसात मी एकटा. लोकांना वाटतं, शाळेचा क्लार्क म्हणजे फी घेणारा माणूस. फी कुणीही घेईल. क्लार्कचं खरं काम म्हणजे जनरल रजिस्टर. दोन्ही हातांनी उचलावं लागणारं जाडजूड पुस्तक. मूल शाळेत आलं की त्याचं नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख, सगळं त्यात चढतं. तारीख आकड्यात आणि खाली अक्षरात. एकदा चढली की ब्रह्मदेवालाही खोडता येत नाही. शिक्षण निरीक्षकांची लेखी परवानगी लागते, आणि त्यांच्यापेक्षा ब्रह्मदेव बरा. पुढे दहावीचं सर्टिफिकेट, नोकरी, पेन्शन, सगळं त्या एका ओळीतून निघतं.

आता ती ओळ आम्ही भरायचो कशी, ते सांगतो. पहिलीला पाच वर्षं पूर्ण लागत. शाळा जूनमध्ये सुरू होई. येणाऱ्या आईबापांपैकी निम्म्यांकडे जन्माचा दाखला नसे, कारण बाळंतपण गावी, घरात झालेलं. कुणी म्हणे शिमग्यात झाला, कुणी म्हणे भात झोडत होतो तेव्हा. आणि बरीच पोरं दोन-चार महिन्यांनी कमी भरत. आई हात जोडून उभी, कारण तिला कंपनीत काम लागलेलं आणि घरी पोराला बघायला कुणी नाही. मग क्लार्क काय करतो? एक जून घालतो. बरोब्बर पाच पूर्ण. ही काही माझी युक्ती नव्हे. माझ्या आधीच्या क्लार्कनं मला शिकवली, त्याला त्याच्या आधीच्यानं. साऱ्या महाराष्ट्रात हेच चाले. माझी स्वतःची तारीखसुद्धा एक जूनच. आई सांगायची मी पौषातला. त्या एक जूनमुळेच तर मी एकतीस मेला निवृत्त झालो. त्या दिवशी निम्मे मास्तर निवृत्त होतात, हार कमी पडतात.

एकदा जुळे भाऊ आले. एकाला बापानं आणलं. दुसऱ्याला ताप होता, त्याला आठवड्यानं आईनं आणलं. बापानं एक सांगितलं, आईनं दुसरं, आणि मी दोन्ही मुकाट्यानं लिहिलं. दहावीचा फॉर्म भरताना उघडकीला आलं की थोरला धाकट्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा आहे. आमचे हेडसर चष्मा काढून म्हणाले, "त्या माउलीचा सत्कार करायला हवा." आम्ही खूप हसलो. तोवर त्या तारखांवर हसायलाच यायचं.

माझी एक सवय मात्र होती. आईबापांनी सांगितलेली खरी वेळ मी प्रवेश अर्जाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवायचो. 'आई सांगते : होळी.' 'गावी भातकापणी.' पुढे कधी भानगड झालीच, तर आपल्याला तरी ठाऊक असावं, एवढ्यासाठी. ही सवय मात्र माझी स्वतःची. तिचा मला थोडा अभिमानही होता.

त्या तारखेची खरी किंमत मला एका हवालदारानं शिकवली. पोरगं कुठे पकडलं गेलं की ठाण्यातून वयाचा दाखला घ्यायला तो यायचा. एकदा आमच्या सातवीतल्या एकाला साकीनाक्याच्या वर्कशॉपमधून पितळेचे तुकडे उचलताना धरलं. हवालदार खुर्चीत बसला आणि टोपी टेबलावर ठेवून म्हणाला, "क्लार्कसाहेब, बघा ना जरा. सोळाच्या वर निघाला तर बरं."

"का हो? सातवीतलं पोर ते."

"अहो, सोळाच्या आत असला की माझी वाट लागते. बेडी घालायची नाय, लॉकपमध्ये मोठ्यांबरोबर ठेवायचा नाय, रिमांड होमला सोडायला जा, तिथलं कोर्ट वेगळं, मॅडम वेगळी. जेल तर नायच. फार फार तर सुधारगृह, अठरा होईपर्यंत. अन् सोळाच्या वर एक दिवस असला, तरी सगळं सरळ. तुमच्या-माझ्यासारखा. खून केला तर जन्मठेपसुद्धा."

"एका दिवसानं एवढं?"

"एका दिवसानं. कायदा ए तो."

रजिस्टरात तो पोरगा तेरा वर्षांचा निघाला. चार महिने रिमांड होममध्ये काढून परत शाळेत आला, पुढे लेथवर चांगला कारागीर झाला. म्हणजे सोळा या आकड्याचा अर्थ मला माहीत नव्हता, असं मी म्हणू शकत नाही. मला तो सगळ्या शाळेत सर्वांत चांगला माहीत होता.

संतोष आमच्याकडे पहिलीपासून. आई पार्वतीबाई, मालवणकडच्या. नवरा गिरणीत. बाईंना औषधाच्या कंपनीत बाटल्या भरायचं काम लागलं, म्हणून पोराला शाळेत घालायला घेऊन आल्या होत्या. तीन महिने कमी होते. मी एक जून घातला. पोरगा अभ्यासात बेताचा. आठवीत एकदा, नववीत एकदा नापास झाला आणि रडतखडत दहावीत पोचला. अंगानं मात्र दांडगा, त्यामुळे दहीहंडीत खालच्या थराला.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी, गल्लीच्या तोंडाशी हंडीच्या नंबरावरून दोन मंडळांत मारामारी झाली. आधी शिव्या, मग धक्काबुक्की, मग कुणीतरी मांडवाचा बांबू काढला. त्या बांबूचा एक घाव संतोषनं घातला. पलीकडच्या मंडळातला बावीस वर्षांचा पोरगा डोक्याला लागून पडला आणि तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात वारला. संतोष निर्दोष होता, असं मी म्हणत नाही. त्या मेलेल्या मुलालाही आई होती. कोर्टात ती रोज येऊन मागच्या बाकावर बसे. पण संतोषला कुठल्या कोर्टात उभं करायचं, मुलांच्या की मोठ्यांच्या, हा प्रश्न वेगळा होता आणि त्याचं उत्तर माझ्या कपाटात होतं.

डॉक्टरांनी हाडांचे फोटो काढले. हाडं म्हणाली, पंधरा ते सतरा. हाडांना याहून नेमकं सांगता येत नाही. म्हणजे सगळं शाळेच्या दाखल्यावर आलं. रजिस्टराप्रमाणे मारामारीच्या दिवशी संतोष सोळा वर्षं अडीच महिन्यांचा होता. मला समन्स आलं : रजिस्टर आणि प्रवेशाचे कागद घेऊन हजर राहावे.

पार्वतीबाई त्याच आठवड्यात ऑफिसात आल्या. कंपनीची निळी साडी, तशाच कामावरून. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"मास्तरानू, तुमका म्हायत आसा. माझो झील गौरीच्या दिवसात झालो. घरात गौरी बसल्याली आणि मी बाजेवर. तेव्हा मी तुमका ताच सांगितलंय."

मी कपाटाकडे बघत राहिलो.

"गोकुळाष्टमी झाली तेव्हा गौरी येवच्या होत्या. पंधरा दिवस होते. सोळा पुरी खंय झाली?" त्या बोटांवर मोजून दाखवत होत्या. "तेणां केल्यान ता केल्यान. शिक्षा होवंदे. पण पोरांच्या कोर्टात होवंदे. तुमी कोर्टात तितक्याच सांगा. जास्त काय नको."

"बघतो," मी म्हटलं.

"बघतो नको, मास्तरानू. सांगा."

त्या गेल्यावर मी पंचांगवाल्याकडून हिशेब करून घेतला. बाईंची बोटं बरोबर होती. त्या सालच्या गौरी धरल्या, तर सोळा पूर्ण व्हायला दोन आठवडे कमी होते. मग जुना अर्ज काढला. मागे पेन्सिलीत माझंच अक्षर : 'आई सांगते : गौरीपूजन.' खाली साल.

मी अर्ज घेऊन हेडसरांकडे गेलो. हेडसर वाईट माणूस नव्हते. ते दोन-चार वेळा अर्ज पुढे-मागे करत राहिले.

"हे तू कशाला लिहून ठेवतोस?"

"सवय आहे, सर."

"आता ऐक. तू कोर्टात म्हणालास की ही तारीख मी मनानं घातली, तर वकील विचारणार, अशा आणखी किती घातल्या? मग काय सांगशील?"

उत्तराची वाट न बघता ते पुढे बोलू लागले.

"त्या रजिस्टरात किती एक जून आहेत, तुला ठाऊक आहे. शेकडो पोरांचे दाखले लटकले. इन्स्पेक्शन लागलं. ग्रँट थांबली. पहिला सस्पेंड तू, दुसरा मी. मला दोन वर्षं राहिलीत. तुला दोन मुली आहेत." मग अर्ज माझ्याकडे सरकवून म्हणाले, "मी तुला काही सांगत नाही हां. तुझं तू ठरव."

खूप वर्षं मी स्वतःला सांगत आलो की हेडसरांनी मला अडवलं. त्यांनी अडवलं नाही. ते शेवटचं वाक्य खरंच बोलले होते.

साक्षीच्या दिवशी सकाळी साडेआठला मी ऑफिस उघडलं. शिपाई कदम अजून आला नव्हता. टेबलाच्या खणात पोरांकडून जप्त केलेली खोडरबरं होती, त्यातलं एक घेतलं. पेन्सिलीचं लिखाण लगेच जातं. फुंकर मारली, कागद उजेडात धरून बघितला, आणि फाइलला लावला. तोवर कदम आला. रजिस्टर जुन्या चादरीत गुंडाळून आम्ही दोघं निघालो. कोर्ट आमच्याच उपनगरात, मॅजिस्ट्रेटचं. वाटेत कदम म्हणाला, "साहेब, पोराचं काय होणार वो?" मी म्हटलं, "कोर्ट बघेल."

पिंजऱ्यात उभं राहिल्यावर सरकारी वकिलांचं काम दोन मिनिटांत झालं. रजिस्टर शाळेचं, नोंद माझ्या हस्ताक्षरातली, तारीख एक जून. मग संतोषचा वकील उठला. तरुण होता, सरकारनं दिलेला. कोट त्याला मोठा होत होता.

"ही तारीख कुणी सांगितली?"

"पालकांनी."

"काही कागद बघितला होता?"

"नियमाप्रमाणे बघूनच नोंद करतो."

"बघितला होता का, ते सांगा."

"बघितला असणार."

मॅजिस्ट्रेट रजिस्टराची पानं उलटत होते. वयस्कर, शांत गृहस्थ. मान वर न करता म्हणाले, "एक जून. एक जून. हाही एक जून. काय हो, तुमच्या विक्रोळीत दुसऱ्या दिवशी कुणी जन्मतच नाही का?"

कोर्ट हसलं. वकीलही हसले. मॅजिस्ट्रेट मात्र हसत नव्हते. ते माझ्याकडे बघत थांबले होते. त्यांना सगळं ठाऊक होतं, फक्त कुणीतरी शपथेवर म्हणायला हवं होतं. सात-आठ सेकंद तरी त्यांनी वाट बघितली असेल. माझ्या डोळ्यांसमोर दोन्ही मुली आल्या असं लिहिलं तर शोभेल, पण तसं काही नव्हतं. माझ्या मनात एवढंच होतं की शर्ट पाठीला चिकटलाय आणि हे लवकर संपावं.

"पालक सांगतात तेच आम्ही लिहितो, साहेब," मी म्हटलं.

त्यांनी रजिस्टर मिटलं.

माझ्यानंतर पार्वतीबाई उभ्या राहिल्या. त्यांनी गौरींचं सांगितलं. सरकारी वकील म्हणाले, "बाई, शाळेत घालताना खोटं सांगितलंत, की आता सांगताय?"

"तेव्हाय गौरीच सांगितलंय."

"म्हणजे हे शाळेचे क्लार्क खोटं बोलतायत?"

मी भिंतीजवळ उभा होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं, तर मला आज हे लिहावं लागलं नसतं कदाचित. त्या म्हणाल्या, "तेंका इतक्या पोरांतला खंय आठवतला?"

मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "काय म्हणतात त्या?" कोकणातला कारकून होता, त्यानं शुद्ध मराठीत सांगितलं, "त्या म्हणतात, एवढ्या मुलांमधलं यांना कुठून आठवणार."

ते तसंच लिहून घेतलं गेलं. पुढे वयाचा निर्णय झाला : सोळा पूर्ण. खटला मोठ्या कोर्टात गेला. खुनाचं कलम टिकलं नाही, पण सदोष मनुष्यवधाला सात वर्षं सक्तमजुरी लागली. मी शाळेच्या रजिस्टरात त्याच्या नावापुढे 'नाव कमी केले' असं लिहिलं. कारणाच्या रकान्यात 'सततची गैरहजेरी'. तसा रकाना भरायची पद्धत होती.

त्यानंतरच्या जूनपासून मी कागद असल्याशिवाय नोंद करायचं बंद केलं. आया परत जायला लागल्या. पहिलीची एक तुकडी कमी झाली, हेडसर चिडले. एक बाई म्हणाली, "तुमच्या मुलींचे कागद होते काय हो?" होते. दोघी हॉस्पिटलात झालेल्या. मी तिला तसं सांगितलं नाही. दोन वर्षांनी नवे हेडसर आले आणि म्हणाले की एवढं ताणू नका. मग मी पुन्हा एक जून घालू लागलो. पेन्सिलीनं लिहिणं मात्र बंद केलं ते बंदच.

गिरण्यांच्या संपात संतोषचे वडील गावी गेले ते तिकडेच राहिले. पार्वतीबाई बाटल्या भरत राहिल्या. रस्त्यात दिसल्या की मी पलीकडच्या फुटपाथवर जायचो. त्या हाक मारायच्या, "बरे आसात मास्तरानू?" मग थांबावं लागे. एकदा, जेलात पोराला भेटून आल्यावर, म्हणाल्या, "नाशकाक जावन इलंय. जाड झालो हा." मी म्हटलं, "चांगलं आहे."

चांगल्या वागणुकीची माफी मिळून संतोष साडेपाच वर्षांनी सुटला. मुलांसाठी देशभर एकच नवा कायदा येणार, अशा बातम्या पेपरात होत्या तेव्हा. एक दिवस दुपारी ऑफिसच्या दारात उभा राहिला. मी ओळखलं नाही. मिशी होती.

"सर, शाळा सोडल्याचा दाखला पायजे. लायसन काढायचंय, टेम्पोचं."

"बस ना."

"नको, उभाच ठीक ए."

मी दाखला लिहायला घेतला. पेन कधी नव्हे ते कोरडं झालं, दुसरं घेतलं. जन्मतारीख, एक जून, आकड्यात. मग अक्षरात. तो टेबलावरून वाकून उलटं वाचत होता.

"अजून तीच तारीख?"

"बदलता येत नाही रे."

"हां. माहिताय." मग सहज बोलावं तसं बोलला. "पयल्या बराकीत मी सगळ्यात लहान होतो सर. वॉर्डर, कैदी, सगळे बच्चा म्हणायचे. बच्चा इकडे ये, बच्चा तिकडे झोपू नको. एक म्हातारा तर मला रात्री आपल्या बाजूला, भिंतीकडे झोपवायचा. बाकीच्यांपासून लांब. म्हणजे सगळ्यांना कळत होतं बघा. फक्त कोर्टालाच नाय कळलं."

मी शिक्का मारला.

"आई म्हणते, तुम्हाला आठवत नसणार. एवढी पोरं." त्यानं पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं. "खरंच नव्हतं आठवत, सर?"

ही माझी दुसरी साक्ष. इथे मॅजिस्ट्रेट नव्हते, हेडसर नव्हते, नोकरीलाही धोका नव्हता. त्याची शिक्षाही भोगून झाली होती.

"नव्हतं रे," मी म्हटलं. "एवढी पोरं."

"बरोबर ए," तो म्हणाला. रजिस्टरात सही केली, दाखल्याची घडी खिशात घातली, आणि "येतो सर" म्हणून गेला.

मध्यंतरी मी एका ओळखीच्या वकिलांना, दुसऱ्या कुणाची म्हणून ही हकिकत सांगितली. ते म्हणाले, आता कोर्टात त्याचा काही उपयोग नाही, खटला संपला, शिक्षा संपली. उलट त्या क्लार्कलाच खोट्या साक्षीचा त्रास होईल. गप्प राहावं हे उत्तम. मी त्यांचे आभार मानले. मला असंच उत्तर हवं होतं, म्हणून तर त्यांच्याकडे गेलो होतो.

पार्वतीबाई दोन वर्षांपूर्वी गावी वारल्या. मला आठवत नसणार, असं धरूनच गेल्या. त्यांच्या बाबतीत आता काही करता येण्यासारखं उरलेलं नाही.

संतोष आहे. घाटकोपरला राहतो, टेम्पो चालवतो, त्याला एक मुलगी आहे. कदमला त्याचं घर माहीत आहे. मी कदमकडून पत्ता घेतला, त्यालाही सहा महिने झाले. हा अंक त्याच्या हाती पडेल असं मला वाटत नाही, आणि पडला तरी छापील कागदावर वाचणं म्हणजे माझ्या तोंडून ऐकणं नव्हे. मला सगळं आठवत होतं, तुझी आई खरं बोलत होती आणि मी खोटं, हे त्याच्या दारात उभं राहून त्याला सांगायचं देणं मी लागतो. ते अजून सांगितलेलं नाही.